तळाशी कोण जाणार हे नंतर बघू, आधी तिला मोटार खोलू द्या

पंढरपूरच्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्स, 74 टक्के, एमएचटी-सीईटीला 86 पर्सेंटाइल. माणसांना खोल समुद्रात नेण्यासाठी भारतात बांधल्या जाणाऱ्या ‘मत्स्य 6000’ या पाणबुडीची बातमी पाहिल्यापासून त्यांनी ठरवलंय की, समुद्राच्या तळाशी जाणारी महाराष्ट्रातली पहिली मुलगी आपलीच असणार. त्यासाठी मरीन बायोलॉजीला प्रवेश, मालवणला स्कूबाचा, म्हणजे पाठीला हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली पोहण्याचा कोर्स (पैसे भरून झालेत) आणि रोज पहाटे पोहण्याचा क्लास. मुलीला ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) किंवा मेकॅनिकल इंजिनीअरिंग हवं आहे. त्यावर वडिलांचा प्रश्न: “त्यात समुद्र कुठे आहे?” पत्राच्या शेवटी वेगळ्या अक्षरात दोन ओळी आहेत: “मला मामाच्या दुकानात बोअरच्या मोटारी खोलायला आवडतं. सर, बोटीत बसलं की मला उलटी होते.”

सप्रेम नमस्कार,

मुलींना घरातून ‘नाही’ ऐकावं लागतं, अशी पत्रं माझ्याकडे नेहमी येतात. तुमचं पत्र उलट आहे आणि म्हणूनच जास्त काळजीचं. नकार देणाऱ्या बापाशी मुलगी भांडू तरी शकते. तिच्यासाठी पैसे भरणाऱ्या, पहाटे उठून तिला तलावावर सोडणाऱ्या बापाशी कशी भांडणार? दोन पानी पत्रात तिचे गुण पहिल्याच ओळीत आहेत, आणि तिचं म्हणणं तिला स्वतःला शेवटी कोपऱ्यात घुसवावं लागलं. ‘पहिली’ हा शब्द तुम्ही पुन्हा पुन्हा वापरलाय. तिने एकदाही नाही. ही हौस तुमची आहे. हौस असायला काहीच हरकत नाही, पण तिचा हप्ता मुलीने का फेडायचा?

तुमच्या एका समजुतीवर सगळा बेत उभा आहे, म्हणून त्या समजुतीवर थोडं सविस्तर लिहितो. खोल समुद्रात जाणं म्हणजे पोहणं नव्हे. हौशी स्कूबाची मर्यादा 40 मीटर. ‘मत्स्य’ 6000 मीटरसाठी बांधली जातेय. तिथे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे 600 किलोचा भार असतो. माणसं बसतात ती 2.1 मीटर आतल्या व्यासाच्या, 80 मिलिमीटर जाड टायटॅनियमच्या गोळ्यात, आणि त्या गोळ्यात हवेचा दाब तुमच्या ओट्यावर आहे तेवढाच असतो. कोणी पाण्यात उतरत नाही, सिलिंडर पाठीला लावत नाही. तिघांनी दाटीवाटीने बसायचं, उतरायला काही तास, चढायला काही तास, एकूण मोहीम सुमारे 12 तासांची. पोहता येणं केव्हाही चांगलंच, जहाजावर काम करणाऱ्याला तर यावंच. पण पहाटेचा क्लास आणि मालवणचं सर्टिफिकेट तिला त्या गोळ्याच्या एक इंचही जवळ नेत नाही. शिवाय ‘मत्स्य’ अजून चाचण्यांच्या टप्प्यात आहे आणि तिच्यात जागा तीन. तीन जागांच्या वाहनावर कोणी अठराव्या वर्षी करिअर आखत नाही.

तळाचा बहुतेक शोध माणूस न नेताच लागतो. डिसेंबर 2024 मध्ये चेन्नईच्या एनआयओटी (सागर तंत्रज्ञान संस्था) आणि गोव्याच्या एनसीपीओआर (ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र) यांच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात सुमारे 4500 मीटर खोलीवर गरम पाण्याच्या झऱ्याची छायाचित्रं मिळवली, ती स्वयंचलित वाहनाने. 1977 मध्ये गॅलापागोसजवळ असे झरे पहिल्यांदा सापडले, तेव्हाही आधी जहाजामागे ओढलेल्या कॅमेऱ्याच्या सांगाड्याने तापमानातला फरक टिपला, फोटोत शिंपले दिसले, आणि मग ‘अल्विन’ या अमेरिकन पाणबुडीतून माणसं खाली गेली. त्या मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता, कारण तिथे जीवसृष्टी असेल असं कोणाला वाटलंच नव्हतं! मरीन बायोलॉजी उत्तम विषय आहे, पण ज्याला प्राण्यांचं वेड आहे त्याच्यासाठी. तुमच्या मुलीला मोटारींचं आहे.

आता ‘त्यात समुद्र कुठे आहे?’ याचं उत्तर. खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी जेमतेम काही मीटर जातात. म्हणजे जीपीएस बंद, वायफाय बंद. उरतो आवाज, सेकंदाला साधारण 1500 मीटर. 6000 मीटरवरच्या वाहनाला निरोप पोचायला 4 सेकंद, उत्तर यायला आणखी 4. इतक्या वेळात ते खडकावर आदळलेलं असेल, म्हणून बरेचसे निर्णय त्याने स्वतःच घ्यायचे. आपण कुठे आहोत याचा अंदाज ते जायरो (वळण मोजणारं उपकरण) आणि तळाकडे सोडलेल्या ध्वनिलहरींवरून बांधतं. तळ टप्प्यात येईपर्यंत, म्हणजे उतरतानाच्या लांबच लांब प्रवासात, या अंदाजातली चूक साचत जाते आणि वरच्या जहाजाने ती सुधारून द्यावी लागते. हे सगळं ईअँडटीसी आणि प्रोग्रॅमिंग आहे. सील, पंखे, हायड्रॉलिक हात, तरंगता ठेवणारा काचेच्या सूक्ष्म गोळ्यांचा फोम, हे मेकॅनिकल.

आणि मामाचं दुकान! तिथे ती जे शिकतेय त्याची किंमत तुम्हाला कळलेली नाही. बोअरच्या तेल भरलेल्या मोटारीत खाली रबरी पडदा असतो. तेल तापून फुगलं की तो पडदा जागा देतो आणि आतला-बाहेरचा दाब सारखा ठेवतो. खोल समुद्रातल्या वाहनांच्या मोटारी याच तत्त्वावर तेलात बुडवतात. दाबाशी झुंजायचं नाही, आत-बाहेर दाब सारखा करायचा, म्हणजे जाड डबा लागत नाही. जाड डबे फक्त हवा ठेवलीच पाहिजे अशा भागांसाठी. मोटारीचं सील का गेलं हे जिला हात लावून कळतं, तिला ही गोष्ट पहिल्याच वर्षी समजेल.

बरं, तुम्हाला तिने चालकच व्हायला हवं असेल, तरी वाट तीच. ‘अल्विन’चे चालक दोन बुड्यांच्या मध्ये स्वतः वाहन खोलतात, दुरुस्त करतात. ज्याला त्यातली वायर न् वायर माहीत नाही, त्याच्या हाती ते देत नाहीत. 

प्रवेशाच्या वाटा माहितीच्याच आहेत: सीईटीवर अभियांत्रिकी, पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एमटेक, ओशन इंजिनीअरिंग हवं तर आयआयटी मद्रास, समुद्रविज्ञान हवं तर गोवा विद्यापीठात एमएस्सी. 86 पर्सेंटाइलला नामांकित कॉलेज मिळणार नाही, मिळेल ते चालेल. वर्कशॉप चालू असलेलं कॉलेज बघा, इमारत नको. नोकऱ्या संशोधन संस्थांमध्ये थोड्या आणि बऱ्याचशा ठरावीक मुदतीच्या असतात. दूरनियंत्रित वाहनांचं मोठं काम तेल-वायू क्षेत्रात आहे: काही आठवडे जहाजावर, 12 तासांच्या पाळ्या, मग सुटी.

आता तुझ्याशी, मुली. उलटीची लाज बाळगू नकोस. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते, काहींना होत नाही. नाही झाली तरी वाहनाची रचना, दाबकक्षातल्या चाचण्या, सोनारच्या (ध्वनिलहरींनी शोध घेणाऱ्या यंत्राच्या) नोंदींचं काम जमिनीवरच असतं.

या सुटीत एक छोटं वाहन कर. अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा सांगाडा, 12 व्होल्टच्या तीन छोट्या पंप-मोटारी (दोन पुढे-मागे, एक वर-खाली), सीलबंद 12 व्होल्ट बॅटरी, आणि फ्यूज बॅटरीला अगदी लागून. घरातल्या सॉकेटचा करंट पाण्याजवळ आणायचाच नाही. पहिली चूक सगळे वायरीत करतात: स्वस्त म्हणून लॅन केबल घेतात. 15 मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन 30 मीटर तार झाली, एका बारीक तारेचा रोध सुमारे अडीच ओहम. मोटार 3 अँपिअर ओढायला गेली की 12 पैकी साडेसात व्होल्ट वाटेतच संपतात, मोटार नुसती गुरगुरते. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घे, नुकसान एका व्होल्टवर येतं. दुसरी चूक वायरींचे जोड कोरडे ठेवणाऱ्या बंद डब्यात: झाकण घट्ट असूनही पाणी येतं, कारण ते वायरीच्या आवरणाखालून, तारांच्या फटींतून सरकत आत शिरतं. आत शिरण्याच्या जागी आवरण थोडं सोलून, तारा झाळून तिथे इपॉक्सी भर. झाकणाच्या ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कड्यावर, ग्रीसचा पातळ थर हवा, आणि बंद करण्याआधी उजेडात बोटाने फिरवून बघ. एक केस पुरतो. मोटारी जोडण्याआधी रिकाम्या डब्यात टिश्यू पेपर ठेवून तो रात्रभर पिंपात दगडाखाली बुडवून ठेव. सकाळी कागद ओला निघाला तर काही बिघडलं नाही, पुन्हा कर. आणि वाहन किंचित तरंगतं ठेव, म्हणजे बॅटरी संपली तरी आपोआप वर येईल. चाचणी पिंपात किंवा पोहण्याच्या तलावात. शेततळ्यावर अजिबात नाही, त्या प्लॅस्टिकवरून घसरलेल्याला वर येता येत नाही. कॉलेजात गेल्यावर पाण्याखालच्या रोबोंच्या स्पर्धेचा संघ शोध, नसेल तर काढ. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या अशा स्वयंचलित वाहनाचं नावही ‘मत्स्य’च आहे.

साहेब, स्कूबाचे पैसे परत मिळत असतील तर घ्या. वायर, मोटारी, बॅटरी त्यातच येईल. मिळत नसतील तर कोर्स तुम्हीच करा, समुद्र तुम्हाला आवडतो असं पत्रावरून दिसतंय. आणि कॅप फेरीचा पासवर्ड तुमच्याकडे असेल तर तो तिला द्या. पसंतीक्रम ती भरेल.