अंदमानला चार-पाच दिवस नुसतं समुद्रकिनारी निवांत पडायचं असेल, तर हॅवलॉक की नील?

नील निवडा, आणि सगळ्या रात्री तिथेच काढा. बेट जेमतेम पाच किलोमीटर लांब आहे, भाड्याच्या सायकलवर सगळं फिरून होतं, आणि दिवसभर येणारे पर्यटक दुपारच्या बोटीने परतले की किनारे खरोखर शांत होतात. हॅवलॉकचा राधानगर किनारा देखणाच आहे, पण तिथे वर्दळ जास्त. बोटीची तिकिटं काढताना नावांचा घोळ होतो: 2018 पासून नील म्हणजे शहीद द्वीप आणि हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप.

दिवस घड्याळावर नाही, सूर्यावर आणि भरती-ओहोटीवर बेता. अंदमान इतकं पूर्वेला आहे की हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून दुपारी झोप काढून साडेपाचला किनाऱ्यावर गेलात तर अंधारच भेटेल. नीलवर कुठे काय:

- सूर्योदय: सीतापूर
- पोहणं: भरतपूर, तेही भरतीला, ओहोटीत प्रवाळ उघडं पडतं, त्यावर पाय देऊ नका
- सूर्यास्त: लक्ष्मणपूर
- खडकांचा नैसर्गिक पूल: फक्त ओहोटीत

हे सगळं साधारण नोव्हेंबर ते एप्रिलसाठी. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, पोहोचा. नीलला जाताना रोख पैसे तिथूनच घेऊन निघा.