आकांक्षा बाळगणं म्हणजे नेमकं काय? इच्छेपेक्षा ती वेगळी कशी?

इच्छा मनात येते आणि जातेही. आकांक्षा मात्र तुमचा अख्खा दिवस बदलून टाकते: कधी उठायचं, काय खायचं, पैसा कुठे घालायचा, सगळंच.

खाशाबा जाधवांचं बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. सवय लाल मातीची, तिथे पायाखाली मॅट! पुढची चार वर्षं त्यांनी कसून मेहनत केली. पुढच्या ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. मला पदकाइतकंच ते गहाण घर मोठं वाटतं. १९५२ मध्ये कांस्य मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.