रिमोटचा पत्ता नोंदीत ठेवा, पासवर्ड तिथे नको

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ग्राहकांचे कॉम्प्युटर दुरून सांभाळणारी पाच जणांची टीम, चाळीसेक ग्राहक, त्यात सीएंची ऑफिसं, दवाखाने आणि दुकानं. एनीडेस्कचे (दुरून दुसऱ्याचं मशीन चालवायचा प्रोग्रॅम) आयडी आणि आरडीपीचे (विंडोजमधली तशीच सोय) पत्ते आजवर एका एक्सेलमध्ये आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. आता ग्राहकांच्या नोंदी ठेवायला सॉफ्टवेअर घेतलंय, तर त्यातच हे सगळं पासवर्डसकट टाकावं का, म्हणजे एका क्लिकमध्ये समोरचं मशीन उघडेल?

लिंका जरूर टाका. पासवर्ड मात्र तिथे टाकू नका. का, ते पुढे सांगतो, पण त्याआधी लिंक नोंदीत नेमकी कुठे ठेवायची ते बघू, कारण रोजचा घोळ तिथेच होतो.

बहुतेक जण ग्राहकाच्या पानावर 'टीप'च्या रकान्यात आयडी लिहून मोकळे होतात. आम्हीही तेच करायचो. एका महिन्याच्या २० तारखेला, जीएसटी रिटर्नच्या घाईत, एका ऑफिसातून फोन आला की हिशोबाचं टॅली अडकलंय. आमच्या मुलाने 'सर्व्हर' असं शोधलं, वर आलेली नोंद उघडली आणि मशीन रीस्टार्ट केलं. ते दुसऱ्याच ग्राहकाचं निघालं. तिथे चार जण एंट्र्या करत बसले होते. मी त्या मुलाला एका शब्दाने बोललो नाही. 'सर्व्हर' नावाच्या अकरा नोंदी आम्हीच करून ठेवल्या होत्या, त्याने तरी काय ओळखायचं?

तेव्हापासून आमच्याकडे लिंक ग्राहकाच्या नव्हे, मशीनच्या नोंदीवर असते. नावात ग्राहकाचं लघुरूप, शाखा आणि मशीनचं काम येतं. शेजारी हॉस्टनेम (नेटवर्कवरचं मशीनचं नाव), सीरियल नंबर, तिथे कोण बसतं आणि लिंक शेवटची कधी तपासली ती तारीख. आणखी एक रकाना मी सक्तीचा केलाय: आत जाण्याआधी कुणाला विचारायचं. दवाखान्यात डॉक्टर पेशंटसमोर बसलेले असताना आपण न विचारता स्क्रीनवर अवतरलो, तर त्या पेशंटचा केसपेपर आपल्या डोळ्यांसमोर उघडा असतो. ही गोष्ट ग्राहक विसरत नाहीत आणि विसरूही नये. जोडल्यावर पहिलं काम म्हणजे हॉस्टनेम नोंदीशी ताडून बघणं.

आता लिंक बनवायची कशी. एनीडेस्कचं सोपं आहे. लिंकच्या रकान्यात इंग्रजीत एनीडेस्क, मग कोलन आणि लगेच आयडी लिहिला की क्लिक केल्यावर थेट प्रोग्रॅम उघडतो. तुमचं सॉफ्टवेअर फक्त वेबचे पत्ते स्वीकारत असेल, तर ते आधी विक्रेत्याकडून सुरू करून घ्या. आयडी कायमचा आहे असं मात्र समजू नका. मशीन फॉरमॅट झालं की तो बदलू शकतो, आणि एका पीसीच्या संपूर्ण प्रतीवरून (इमेजवरून) दहा पीसी क्लोन केले असतील तर दहांचा आयडी एकच निघू शकतो. तपासल्याची तारीख त्यासाठीच हवी.

आरडीपीला विंडोजमध्ये अशी तयार लिंक नाही. काही जण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, स्वतःचा प्रोटोकॉल (लिंकचा नवा प्रकार) नोंदवून ब्राउझरमधून एमएसटीएससी, म्हणजे विंडोजचा आरडीपी प्रोग्रॅम, चालवतात. चालतं ते, पण लिंकमधला मजकूर जसाच्या तसा कमांडला जात असेल, तर कुठल्याही वेबपानावरची लिंक तुमच्या पीसीवर नको ते पॅरामीटर चालवू शकते. मधली स्क्रिप्ट नीट तपासून लिहिणारं कुणी नसेल, तर त्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा आरडीपी फाइल, म्हणजे त्या जोडणीची सेटिंग्ज असलेली फाइल, नोंदीला जोडा. ती साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून बघा. तिच्यात पासवर्ड साठवला तर तो त्या पीसीवरच्या त्याच विंडोज युजरशी बांधलेला असतो, सहकाऱ्याच्या मशीनवर उपयोगी पडत नाही. म्हणजे फाइलमध्ये फक्त पत्ता, गेटवे आणि स्क्रीनची सेटिंग्ज असू द्यात.

त्या फाइलीत आपले ड्राइव्ह आणि क्लिपबोर्ड समोरच्या मशीनला जोडण्याचे पर्याय बंद ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मिडनाइट ब्लिझार्ड' या रशियन हॅकर गटाने ईमेलमधून आरडीपी फाइलीच पाठवल्या होत्या. फाइल उघडली की समोरच्याच्या पीसीचे ड्राइव्ह आणि क्लिपबोर्ड त्यांच्या सर्व्हरला जोडले जात. टीमला सांगून ठेवा, आरडीपी फाइल उघडायची ती आपल्या नोंदीतलीच, मेलमधून आलेली कधीच नाही. आणि एखाद्या फाइलमध्ये पब्लिक आयपी असेल आणि राउटरवर आरडीपीचं ३३८९ पोर्ट इंटरनेटला उघडं असेल, तर शॉर्टकटचं नंतर बघा, आधी ते पोर्ट बंद करून व्हीपीएन (इंटरनेटवरची सुरक्षित खासगी जोडणी) लावा.

आता पासवर्डचं. या सॉफ्टवेअरमध्ये बिलिंग बघणारी ताई असते, फोन घेणारा मुलगा असतो, कधी तुमचा अकाउंटंटही. यादी सीएसव्ही फाइलीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या टेक्स्टमध्ये) काढली की सगळे रकाने उघड्या अक्षरांत बाहेर येतात. शिवाय आपल्यासारख्यांची साधनं हल्लेखोरांना मुद्दाम हवी असतात, एक कुलूप तोडलं की चाळीस घरं उघडतात म्हणून. जुलै २०२१ मध्ये कासेया कंपनीच्या व्हीएसए या दुरून कॉम्प्युटर सांभाळायच्या सॉफ्टवेअरमधून साठेक आयटी कंपन्या आणि त्यांचे शेकडो ग्राहक रॅन्समवेअरमध्ये, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या हल्ल्यात, सापडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्क्रीनकनेक्ट या रिमोटच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिनच टाळून आत शिरता येईल अशी चूक सापडली, तिची तीव्रता १० पैकी १० होती. त्याच महिन्यात एनीडेस्कने स्वतःच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं. पत्ता आणि किल्ली एकाच नोंदीत असेल, तर असा दिवस आपल्यावर आल्यावर ग्राहकाला काय तोंड दाखवणार?

पासवर्डसाठी बिटवॉर्डन किंवा कीपास असं पासवर्डची तिजोरी असलेलं सॉफ्टवेअर वेगळं ठेवा, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि मशीनच्या नोंदीत फक्त तिथल्या एंट्रीचं नाव लिहा. कीपासमध्ये यूआरएलच्या रकान्यात कमांड लिहून तिथूनच एमएसटीएससी उघडता येतं, म्हणजे तुम्हाला हवा असलेला एक क्लिक जवळजवळ मिळतो. अनेक रिमोट जोडण्या एकत्र ठेवणारं एमरिमोटएनजी वापरत असाल तर स्वतःचा मास्टर पासवर्ड न विसरता द्या, नाहीतर कनेक्शनची फाइल सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या ठरावीक पासवर्डने बंद होते.

मुलं नोकरी सोडतात तेव्हा या विभागणीची किंमत कळते. स्वतःच्या खात्याच्या ॲड्रेस बुकात आयडी ठेवणारा मुलगा ते सोबत घेऊन जातो. नोंदीत असेल तर त्याचं खातं बंद केलं की झालं, वर त्याने पाहिलेले पासवर्ड तेवढे बदलायचे.

कुणी कधी लिंक उघडली ते सॉफ्टवेअरमध्ये दिसतं, पण आत खरंच कोण गेलं ते समोरच्या मशीनवर कळतं. एनीडेस्कची कनेक्शन ट्रेस नावाची फाइल असते, आरडीपीसाठी विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४६२४ (लॉगिन झाल्याची नोंद), लॉगऑन प्रकार १० (दुरून केलेलं). सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. तेव्हा विंडोजच्या लॉगची कमाल साइज वाढवून ठेवा, नाहीतर जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात.

एक्सेल मात्र घाऊक इम्पोर्ट करू नका, त्यातले निम्मे आयडी मेलेले असतील. ज्या ग्राहकाचा फोन येईल त्याच्या मशीनला जोडा, हॉस्टनेम ताडा आणि मग नोंद करा. महिनाभरात उरतील त्यांना आपण फोन करायचा. व्हॉट्सॲपवर जे पासवर्ड एकदा गेले ते प्रत्येक फोनवर आणि बॅकअपवर आहेत असं धरून सगळे बदला, सुरुवात दवाखान्यांपासून करा.