सोयाबीन खुशाल खा, पण हाडं कॅप्सूलच्या भरवशावर सोडू नका

ताई, पाळी जाऊन तीन वर्षं झाली, डेक्सामध्ये (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत) कमरेचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे १.८ आला आणि शेजारणीने सोया आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूल सुचवल्या, त्या घ्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय. मी तुमच्या जागी असते तर घेतल्या नसत्या. उणे १ ते उणे २.५ या टप्प्याला ऑस्टिओपेनिया म्हणतात. हाडं विरळ व्हायला लागली आहेत, ठिसूळ झालेली नाहीत. म्हणूनच आत्ता काय करता याला फार महत्त्व आहे.

आपल्या हाडांत जुनं हाड पोखरणाऱ्या आणि नवं भरणाऱ्या अशा दोन्ही पेशी कायम कामात असतात. पोखरणाऱ्यांना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक आवरून धरतं. पाळी गेली की तो लगाम सुटतो आणि पहिल्या पाच-सात वर्षांत काही बायकांचं वीस टक्क्यांपर्यंत हाड जातं. सोयाबीनमधल्या जेनिस्टीन आणि डेडझीन या आयसोफ्लेव्होनची ठेवण इस्ट्रोजेनशी थोडी जुळते, म्हणून या कॅप्सूलवर इतकी आशा आहे.

ती खोटीही नाही. इटलीत ऑस्टिओपेनिया असलेल्या बायकांना रोज ५४ मिलिग्रॅम शुद्ध जेनिस्टीन दोन वर्षं दिलं, तेव्हा हाडांची घनता वाढली. ते निष्कर्ष २००७ मध्ये आले. पण अमेरिकेतल्या मायामीच्या अभ्यासात रोज २०० मिलिग्रॅम सोया आयसोफ्लेव्होन दोन वर्षं देऊनही हाडांची झीज थांबली नाही (२०११). शिवाय आतड्यातले जिवाणू डेडझीनपासून इक्वॉल बनवतात, ते जास्त प्रभावी. पण असे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. एकीला लागू पडलं ते दुसरीला पडेलच असं नाही. अशा धरसोडीच्या पुराव्यावर महिन्याच्या महिन्याला पैसे घालवावेत असं मला मनापासून वाटत नाही.

जेवणातलं सोयाबीन ही वेगळी गोष्ट. शांघायमध्ये पाळी गेलेल्या सुमारे २४ हजार बायकांच्या अभ्यासात सोयाचे पदार्थ जास्त खाणाऱ्यांची हाडं कमी मोडलेली दिसली. मात्र तिथे सोया रोजच्या ताटात असतं. आपल्या नाशिक जिल्ह्यात निफाड-येवल्याकडे शेतं भरून पिकतं, पण घरात येतं ते बहुतेक तेल होऊन, आणि तेलात आयसोफ्लेव्होन जवळजवळ उरत नाहीत. नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन दळलं तर चार पोळ्यांतून साधारण १५ मिलिग्रॅम मिळतील. औषध म्हणून ते कमीच. पण प्रथिनं छान मिळतात आणि हाडाला व स्नायूला तीही लागतात. दळण्याआधी सोयाबीन वीसेक मिनिटं उकळून कडक वाळवा, कच्चं पचत नाही. थायरॉईडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोयात चार तासांचं अंतर ठेवा. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले असतील तर कॅप्सूलला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातसुद्धा लावू नका.

कॅप्सूलचे पैसे नागलीवर (नाचणीवर), तिळावर, दुधा-दह्यावर खर्च करा. दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नागलीच्या एका भाकरीत दोनशेच्या आसपास मिळतं. ड जीवनसत्त्व रक्तात तपासून घ्या. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर पहाटे सहाला फिरणाऱ्या कितीतरी जणींना वाटतं की कोवळ्या उन्हात ते भरपूर मिळतं. तसं नाही. त्यासाठी लागणारे किरण सूर्य वर आल्यावरच पोहोचतात; सकाळी अकरानंतर हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसा. नुसतं चालणंही पुरत नाही, हाडांवर भार यायला हवा. जिने चढा, खुर्चीतून हात न टेकता उठा, डंबेल उचला, एका पायावर तोल सांभाळायचा सराव करा. या वयात मनगट आणि खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यामुळेच.

आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, पूर्वी स्टिरॉइड घेतले होते का, हे न विचारताही सांगा. मोडण्याचा धोका त्यावरून मोजतात आणि औषध हवं की नको ते ठरतं. पुढचा डेक्सा त्याच सेंटरमध्ये, त्याच मशीनवर करा, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच करता येत नाही.