लिनक्सवर 'डीएफ' (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) डिस्क निम्मी रिकामी दाखवतं, तरी बिल्ड करताना 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' का येतं?

बहुतेक तुमचे आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणारी डिस्कवरची नोंद, संपलेत. 'डीएफ -आय' चालवून खात्री करा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करतानाच साधारण दर १६ केबीला एक आयनोड ठरतो, म्हणजे २० जीबीच्या पार्टिशनवर जेमतेम १३ लाख फायली, मग त्या रिकाम्या का असेनात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीचा सर्व्हर असाच अडकलेला मी सोडवलाय: सेशनच्या लाखो बारक्या फायली, आणि सगळ्या पुसायला 'आरएम *' दिलं की 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग', म्हणजे नावांची यादी फार लांब. तिथे सात दिवसांहून जुन्या फायली पुसणारं 'फाइंड . -टाइप एफ -एमटाइम +७ -डिलीट' चालतं, पण आधी '-डिलीट' न लावता यादी नजरेखालून घालाच. आयनोड शिल्लक असतील, तर मात्र तात्पुरत्या फायलींचं फोल्डर '/टीएमपी' बघा. ते टीएमपीएफएस, म्हणजे रॅममध्ये ठेवलेलं, असेल तर डिस्कपासून स्वतंत्रपणे भरतं, तेव्हा तात्पुरत्या फायलींची जागा ठरवणारं 'टीएमपीडीआयआर' हे व्हेरिएबल डिस्कवर वळवा.