कनेक्ट होत नाही म्हणून रिट्राय वाढवू नका, आधी टीएक्सडिले बघा

भाऊ, तुमचा प्रश्न असा: हॅम रेडिओवरून अक्षरं पाठवायच्या पॅकेट रेडिओसाठीचा जुना टीएनसी-२ (कॉम्प्युटर आणि रेडिओमधला मोडेमसारखा डबा) चालू झाला, सीएमडी प्रॉम्प्ट येतो, म्हणजे तो कमांड घ्यायला तयार आहे, दिग्रसच्या मित्राचे बीकन (आपोआप जाणारे छोटे संदेश) दारव्ह्यात स्क्रीनवर दिसतात. पण कनेक्ट दिलं की बराच वेळ खटपट होऊन ‘रिट्राय लिमिट एक्सीडेड’ येतं. मग रिट्राय, म्हणजे पॅकेट किती वेळा परत पाठवायचं तो आकडा, १० वरून १५ करू का?

नका करू. बीकन वाचता येतात म्हणजे तुमची ऐकण्याची बाजू ठीक आहे. तुमचं पॅकेट तिकडे धड पोचत नाहीये, आणि मोडकं पॅकेट पंधरा वेळा पाठवलं तरी मोडकंच जाणार.

आधी खात्री करून घ्या. कनेक्ट न होता कन्व्हर्स (टाइप केलेलं हवेत सोडणारी कमांड) द्या, एक ओळ टाइप करा, एंटर मारा. ती अनप्रोटो म्हणून जाते, म्हणजे समोरच्याकडून पोच मागत नाही. मित्राने मॉनिटर (हवेतली सगळी पॅकेटं दाखवणारी कमांड) ऑन ठेवायचं आणि ओळ दिसली की फोनवर सांगायचं. दहातल्या दोन-तीनच दिसल्या, तर पहिला संशय टीएक्सडिलेवर.

पीटीटी, म्हणजे सेटचं बोलायचं बटण, दाबल्यावर डेटा सोडण्याआधी टीएनसीने किती थांबायचं, ते ही कमांड ठरवते. एकक १० मिलिसेकंदांचं, म्हणजे ३० ठेवलं तर ३०० मिलिसेकंद. जुन्या सेटला रिसीव्हवरून ट्रान्समिटवर यायला वेळ लागतो, समोरच्याचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) उघडायलाही लागतो. तेवढ्यात पॅकेटचं तोंडच कापलं जातं, आणि पत्ता तोंडाशीच असतो. ५० करून बघा. ओळी नीट जाऊ लागल्या की पाच-पाचने कमी करा. जिथे तुटायला लागेल, तिथून दहा वर येऊन थांबा.

तरी नाही जमलं तर टीएनसीकडून सेटला जाणारा ऑडिओ बघा. नवीन माणसाकडून हा बहुतेक वेळा जास्तच ठेवला जातो. १२०० बॉडला (सेकंदाला १२०० बिटच्या वेगाला) १२०० आणि २२०० हर्ट्झ असे दोन सूर जातात. जास्त ऑडिओने ते चेपले की समोरचा टीएनसी वाचू शकत नाही, कानाला मात्र दणदणीत ऐकू येतं. दुसऱ्या हॅण्डसेटवर स्वतःचं पॅकेट ऐका. टीएनसीवरचा पॉट (ऑडिओ कमी-जास्त करायचा स्क्रू) वाढवत नेला की एका जागी आवाज वाढायचा थांबतो. तिथून मागे या, आवाज चांगला कमी जाणवेपर्यंत.

मग पॅकलेन, म्हणजे एका पॅकेटात (फ्रेममध्ये) किती अक्षरं, १२८ वरून ६४ आणि मॅक्सफ्रेम, म्हणजे पोच यायच्या आधी किती फ्रेम सोडायच्या, ४ वरून १ करा. एक बिट चुकला तरी पूर्ण फ्रेम फेकली जाते, आणि १२८ अक्षरांची फ्रेम हवेत साधारण एक सेकंद असते. मॅक्सफ्रेम ४ असेल तर पहिली बिघडल्यावर मागच्या तीन चांगल्या फ्रेमही परत पाठवाव्या लागतात. दिग्रसच्या बाजूला टेकड्या आडव्या येतात, अशा लिंकवर छोटी पॅकेटंच चालतात. फ्रॅक, म्हणजे पोचेची वाट किती सेकंद बघायची ते, तीनच्या खाली आणू नका. दोघंही एकाच वेळी बोलू लागतील. मध्ये डिजिपीटर (पॅकेट ऐकून पुढे पाठवणारं स्टेशन) आला तर टीएनसी ही वाट आपोआप वाढवतो.

कनेक्शन तोडायची कमांड डी. पण कन्व्हर्समध्ये असताना डी टाइप केलं तर ते मित्राच्या स्क्रीनवर जातं. आधी कंट्रोल-सी, सीएमडी आलं की मग डी.

विजेचंही सांगतो. थ्री फेज आली की गावातल्या मोटारी सुरू होतात, व्होल्टेज पडतं, चार्जरचा खरखराट रिसीव्हरमध्ये शिरतो. टीएनसी आणि सेट १२ व्होल्ट बॅटरीवर घ्या, बोलताना चार्जर काढून ठेवा. वीज गेल्यावर मायकॉल (तुमचा कॉलसाइन ठेवायची कमांड) पुन्हा नोकॉल, म्हणजे कॉलसाइन नाही असं, दिसला तर सेटिंग लक्षात ठेवणारा टीएनसीच्या आतला छोटा सेल संपलाय. तो बदला, आणि आपला व्हीयूने सुरू होणारा भारतीय कॉलसाइन परत टाकल्याशिवाय ट्रान्समिट करू नका.

एवढं करूनही अडलं तर डिस्प्ले कमांडने येणारी सेटिंगची पूर्ण यादी आणि रेडिओचं मॉडेल पाठवा, मी बघतो.