पाळी गेल्यावर खाज-जळजळ होते, पण जुनं क्रीम लागू पडत नाही. असं का?

तुम्ही लिहिलंय की पूर्वी बुरशीच्या क्रीमने दोन-तीन दिवसांत बरं वाटायचं, आता पाळी जाऊन तीन वर्षं झाली तर त्याच क्रीमचा उपयोग होत नाही. मीही हेच केलं होतं. महिनाभर क्रीम लावलं, जळजळ उलट वाढली. शेवटी लाज बाजूला ठेवून तपासून घेतलं, तर बुरशी नव्हतीच.

पाळी येत असते त्या वयात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे योनीमार्गाचं अस्तर जाड असतं आणि त्यात ग्लायकोजेन (साठवलेली साखर) साठतं. त्यावर पोसणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्ल तयार करतात. त्यामुळे पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 3.8 ते 4.5 राहतो आणि बरेच उपद्रवी जंतू दबून असतात. गंमत म्हणजे कॅन्डिडा या बुरशीलाही इस्ट्रोजेन मानवतं, म्हणून ती त्या वयात जास्त. खूप खाज आणि घट्ट, दह्यासारखं पांढरं जाणं ही तिची खूण. पातळ करडा स्राव आणि माशांसारखा वास असेल तर बहुधा बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडणं; त्याचं औषध वेगळं. ट्रायकोमोनास हा संबंधांतून पसरणारा परजीवी निघाला तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर तो परत येतो.

पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, अस्तर पातळ आणि कोरडं पडतं, पीएच बहुधा 5 च्या वर जातो. मग जंतू नसतानाही आग होते, संबंधांच्या वेळी दुखतं. लघवीचं इन्फेक्शनही वरचेवर होऊ शकतं. बुरशी मात्र या वयात कमी दिसते. मधुमेह असेल, हार्मोनचे उपचार चालू असतील किंवा नुकतीच अँटिबायोटिक्स झाली असतील तर गोष्ट वेगळी. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी साखरेची गोळी लघवीतून साखर बाहेर टाकते, तीही बुरशीला निमित्त होते. तुम्ही घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मला योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं. फरक पडायला काही आठवडे गेले. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. साबणाने आतून धुणं मी त्याच दिवशी बंद केलं. इतकी वर्षं त्यालाच स्वच्छता समजत होते!

तुम्ही रक्ताबद्दल काही लिहिलं नाहीये, तरी सांगते. पाळी गेल्यानंतर एखादा डाग जरी दिसला तरी तो कोरडेपणावर ढकलू नका. गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी करून घ्या.